के. आर. पुरमच्या बाकावरची बाई

मी टीव्हीत होते असं कळलं की लोक विचारतात, "म्हणजे बातम्या द्यायच्या का तुम्ही?" नाही. बातम्या आणणारे वेगळे, वाचणारे वेगळे. मी बातम्या ठेवणारी होते. बंगळुरूच्या सरकारी टीव्ही केंद्रात टेप लायब्ररी माझ्याकडे होती.

लायब्ररी म्हणजे खिडकी नसलेली एक लांबट खोली, अकरा लोखंडी कपाटं, एक जुना प्लेअर आणि त्याला जोडलेला लहानसा टीव्ही. एसी होता, पण तो टेपांसाठी. मे महिन्यात बाहेर लोक घामाघूम व्हायचे आणि मी आत स्वेटर घालून बसायचे. पुस्तकाएवढ्या जाड कॅसेटी यायच्या. प्रत्येक कॅसेटीचं एक कार्ड. त्यावर जागा, विषय, तारीख आणि कॅमेरामनचं नाव. कार्ड माझ्या अक्षरात लिहिलेलं असायचं, आणि एकदा ते ड्रॉवरमध्ये गेलं की त्यावर कुणी शंका घ्यायचं नाही. मीसुद्धा नाही.

बाहेरच्यांना एक गोष्ट ठाऊक नसते. बातमीत जे दिसतं ते सगळं त्या दिवशीचं नसतं. परीक्षांची बातमी आली की पेन चावणारी एक मुलगी दिसायची. आम्हीच ती मल्लेश्वरमच्या एका शाळेत टिपली होती. ती मुलगी पुढे पदवीधर झाली असेल, लग्न होऊन सासरी गेली असेल, पण देशाच्या बातम्यांत ती दर मार्चमध्ये पेन चावत बसलेली. याला आम्ही फाइल शॉट म्हणायचो. आम्ही दिल्लीला चित्रं पाठवायचो, दिल्ली त्यांची प्रत ठेवायची आणि लागेल तेव्हा वापरायची.

बघणाऱ्यांना मात्र ते सगळं आजचंच वाटायचं. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. केबलच्या तारा गच्च्यांवरून लोंबायला लागल्या होत्या, तरी रात्रीचं राष्ट्रीय बातमीपत्र लागलं की घरं गप्प व्हायची. मल्लेश्वरममधले आमचे घरमालक त्या सुरांवर मनगटातलं घड्याळ लावायचे. कुणी मोठा माणूस गेल्याची कुणकुण आली की केंद्रातले फोन वाजायला लागायचे. "खरंच गेले का? मग बातम्यांत का नाही आलं?" बातमीपत्रानं सांगेपर्यंत माणूस मेलेला नसायचा.

माझ्या सातव्या कपाटात एक खण होता, त्यावर नुसतं 'तयार' असं लिहिलेलं. थकलेली, आजारी अशी नामवंत माणसं हयात असतानाच त्यांची श्रद्धांजली जोडून ठेवायची, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको. एकदा कानडी रंगभूमीवरचे एक म्हातारे नट मुलाखतीसाठी आले होते. चुकून माझ्या खोलीत शिरले आणि त्या खणात त्यांना स्वतःचं नाव दिसलं. मी घाईनं आडवी आले. ते शांतपणे म्हणाले, "लावा." मी लावली. हात मागे बांधून, उभ्यानं त्यांनी स्वतःची श्रद्धांजली पूर्ण पाहिली. मग म्हणाले, "शेवटचा फोटो बदला. त्यात मी मेल्यासारखा दिसतो." बदलला. पुढे तो आम्हाला वापरावा लागला, तेव्हा मला उगाचच वाटलं, आपण त्यांना विचारून त्यांचा मृत्यू दाखवतोय.

पण आज मला लिहायचंय ते यल्लोजीरावांबद्दल.

नोव्हेंबरमधली दुपार होती. वॉचमननं खालून फोन केला. "मॅडम, कोणी टेलर आलाय. कानडीत बोलतो, मध्येच तुमच्या भाषेत रडतो."

मी खाली गेले. साठीचा, किडकिडीत माणूस. गळ्यात माप घ्यायची फीत तशीच राहिलेली. यल्लोजीराव, मल्लेश्वरममध्ये टेलरिंगचं दुकान. घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे मराठीत अर्धी कानडी. मी निपाणीची. मी मराठी बोलल्यावर ते मला मॅडमवरून एकदम अक्कावर आले.

"अक्का, माझी बायको काल टीव्हीत आली."

त्यांची बायको तुळसाबाई. गौरीच्या सणानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी भाजीला म्हणून बाहेर पडली ती परत आलीच नव्हती. मोठ्या तापातून उठल्यापासून तिला विसर पडायला लागला होता. दोनदा आपल्याच गल्लीत चुकली होती. अडीच महिने यल्लोजीराव शोधत होते.

त्यांच्या दुकानासमोर टीव्हीचं शोरूम होतं. काचेमागे आठ टीव्ही मांडलेले, सगळ्यांवर एकच कार्यक्रम चालायचा. आदल्या संध्याकाळी मशीन चालवता चालवता त्यांनी मान वर केली. राष्ट्रीय बातम्या चालू होत्या, काहीतरी रेल्वेबद्दल. "आठ टीव्ही, अक्का. आठांतही ती. बाकावर बसलेली. मांडीवर पिशवी. माझ्याकडे बघत होती." ते रस्ता ओलांडून धावले तोवर पडद्यावर मंत्री आले होते.

"चेहरा नीट दिसला?"

"चेहरा राहू द्या. पोलकं मी शिवलेलं हाय. वांगी रंगाचं. बाहीला कापड कमी पडलं, म्हणून हिरवी पट्टी जोडली. सणाचं काम एवढं होतं की तिचं पोलकं गौरी गेल्यावर शिवलं. ज्या दिवशी गेली, त्या दिवशी पैल्यांदा घातलं तिनं. म्हणजे ती गेल्यावरचा फोटो हाय हा. कुठलं स्टेशन तेवढं सांगा."

कालची ती बातमी मीही पाहिली होती, फलाट ओळखीचा होता. के. आर. पुरम. माझ्या कपाटात बंगळुरूच्या पूर्व टोकाच्या त्या स्टेशनची एकच कॅसेट होती. मी वर जाऊन ती लावली. सुरुवातीलाच शॉट होता. फलाटावरचा बाक, टोकाला बसलेली बाई, मांडीवर कापडी पिशवी. ती थेट कॅमेऱ्यात बघत होती. कॅमेरा दिसला की माणसं हसतात, पदर सावरतात, नजर वळवतात. ही नुसती बघत होती, समोर भिंत असल्यासारखी.

मी कार्ड काढलं. माझं अक्षर. जानेवारी. गौरीच्या सणाच्या जवळजवळ आठ महिने आधीचं.

बाहेर दोन एडिटर प्लेअरसाठी ताटकळत होते. मी कॅसेट काढून दिली आणि खाली आले.

"राव, ते जुनं चित्र आहे. तुमची बायको हरवण्याच्या कितीतरी आधीचं."

"मग ते पोलकं?"

"टीव्हीत रंग बदलतात. तसंच दुसरं कुणाचं असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपलं माप चुकलंय असं दुसऱ्यानं सांगितल्यावर कारागीर बघतो, तसं. "शिलाई चुकत न्हाई, अक्का," ते म्हणाले. मग फीत गळ्यातून काढून खिशात घातली. "सरी. बरं, तुम्ही म्हणता तर सरी." आणि गेले.

मला वाटलं, प्रकरण संपलं. दोन आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून पत्र आलं. तुळसाबाईच्या दोन भावांनी तक्रार दिली होती की बहीण हरवलेली नाही, यल्लोजीनंच तिचं काहीतरी बरंवाईट केलंय. यल्लोजीरावांचं म्हणणं होतं की ती घरातून गेल्यावर स्टेशनवर जिवंत होती आणि साऱ्या देशानं तिला पाहिलंय. तेव्हा सदर चित्र केव्हाचं, ते केंद्रानं कळवावं.

आमचे वृत्तसंपादक नरसिंहमूर्ती सरांनी पत्र माझ्याकडे पाठवलं. मी कार्ड बघून उत्तर टाइप केलं. चार ओळी. तारीख ठळक.

त्या चार ओळींनी काय केलं ते नंतर कळलं. यल्लोजीरावांना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. बायको मेल्यावर टीव्हीत दिसते म्हणणारा माणूस एकतर खोटारडा किंवा वेडा, असं गल्लीनं ठरवलं. बायका त्यांच्याकडे पोलकी टाकेनाशा झाल्या. एकदा मी दुकानावरून गेले तर ते बंद मशीनपुढे बसले होते आणि समोरच्या आठ टीव्हींकडे बघत होते. मी दुसऱ्या बाजूनं निघून गेले.

आणि ती बाई येतच राहिली. दिल्लीला तो शॉट आवडला होता. नवीन गाडी सुरू झाली, ती. आरक्षणाची खिडकी वाढली, ती. घरी जेवताना बातम्या लागल्या की माझा घास हातात राहायचा. दर वेळी तीन-चार सेकंद. दर वेळी तीच नजर.

एप्रिलमध्ये उन्हाळी गाड्यांची बातमी होती. नेहमीचा तुकडा पुरणार नव्हता, म्हणून पुढची चित्रं बघायला मी ती कॅसेट लावली आणि पहिल्यांदाच थांबवली नाही. दुपार होती, खोलीत मी एकटी. बातमीत या शॉटला कधी आवाज नसायचा, वर निवेदन चालायचं. आज फलाटाचा आवाज होता. चहावाला, लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज, मग भोंग्यातून कानडीत घोषणा. जोलारपेटकडे जाणारी पॅसेंजर दोन नंबरवर येत आहे. बाई तशीच बसून. घोषणा संपल्यावर काही क्षणांनी, जणू ती तिच्यापर्यंत उशिरा पोचली, तिनं पिशवी मनगटात अडकवली, एक हात बाकावर टेकला, आणि अर्धवट उठली.

चित्र हललं. पडद्यावर एक रेघ खालून वर गेली. बाक रिकामा.

तोच बाक. तोच फलाट. तीच चौकट. बाई नाही. ती उभी राहिली नव्हती, चालत गेली नव्हती. अर्धवट उठलेली बाई होती आणि मग नव्हती.

एसीचा आवाज मला एकाएकी फार मोठा वाटायला लागला. मी टेप मागे घेतली. बाई उठायला लागते. रेघ. रिकामा बाक. पुन्हा मागे. पुन्हा तेच. चौथ्या वेळी मी उठून दार उघडून ठेवलं, कॉरिडॉरमधलं कुणीतरी दिसत राहावं म्हणून.

मग मी बाईकडे न बघता बाकीचं बघायला लागले. रिकाम्या बाकाची सावली उलट बाजूला पडली होती. मागच्या भिंतीवरचा रंग वेगळा होता. बाई असताना भिंत नुकती रंगवलेली, पिवळी, बाई नसताना पोपडे आलेली. म्हणजे रंग लावल्यानंतरची बाई, आणि आधीचा रिकामा बाक. पुढचं चित्र जुनं होतं, पहिलं नवीन.

 टेपवर पुन्हा रेकॉर्ड करता येतं. जुन्यावर नवीन बसतं, आणि नवीन जिथं संपतं तिथून खालचं जुनं परत दिसायला लागतं. कॅसेटी कमी पडल्या की ही युक्ती सगळेच करायचे. फक्त कार्ड बदलायचं असतं.

कॅमेरामन बसवराजूला मी कँटीनमध्ये गाठलं. त्यानं डोकं खाजवलं. "हौदू मॅडम, गेलो होतो ना परत. दिल्लीनं घाईनं मागितलं होतं. नवी कॅसेट नव्हती, म्हणून तुमच्या कपाटातली तीच के. आर. पुरमची नेली. तुम्ही रजेवर होता. टेबलावर चिठ्ठी ठेवली होती मी."

"पुन्हा त्याच बाकासमोर, त्याच जागी कॅमेरा लावलास?"

"तिथंच सावली असते."

"बाकावरची ती बाई पुढं कुठं गेली?"

"कुठली बाई?" तो म्हणाला.

ऑफिसच्या गाडीचं रजिस्टर काढलं. के. आर. पुरम, दुपारी निघाले, संध्याकाळी परत. तारीख गौरीच्या सणानंतरच्या तिसऱ्या दिवसाची. मी तेव्हा निपाणीला होते, माहेरी, सणाला. चिठ्ठी कुठं गेली ते कधीच कळलं नाही. म्हणजे त्या रात्रीच्या बातम्यांत ती खरोखरच त्या दिवशीची होती. फक्त यल्लोजीराव तेव्हा टीव्हीसमोर नव्हते. ते तिला शोधत गल्ल्या धुंडाळत होते.

नरसिंहमूर्ती सरांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला. "पाटील मॅडम, केंद्राचं पत्र गेलंय. आता ते चुकलं म्हणायचं? उद्या प्रत्येक बातमीची तारीख विचारतील लोक."

"विचारू देत सर."

"स्वल्प थांबा. दिल्लीला विचारतो."

मी थांबले नाही. दुसरं पत्र माझ्या नावानं लिहिलं, रजिस्टरच्या पानाची नक्कल जोडली, आणि हातानं ठाण्यात नेऊन दिलं. तिथून यल्लोजीरावांच्या दुकानात गेले. काय बोलायचं ते रिक्षात ठरवलं होतं, पण दारात उभी राहिल्यावर एवढंच म्हणाले, "राव, शिलाई बरोबर होती."

ते मशीनमागून उठले. मग त्यांनी विचारलं, "कुठली गाडी, अक्का?"

पडद्यावरून फोटो काढून दिला. तो घेऊन ते आणि तक्रार करणाऱ्या दोन मेव्हण्यांपैकी एक, जोलारपेट पॅसेंजरनं निघाले. प्रत्येक स्टेशनवर उतरायचे, फोटो दाखवायचे, पुढची गाडी पकडायचे. तिसऱ्या दिवशी, आंध्रातल्या एका लहान स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत राखणदारानं फोटो हातात घेतला आणि चेहऱ्यावर नाही, बाहीवर बोट ठेवलं. हिरवी पट्टी.

ती तिथं सहा महिने होती. अंगण झाडायची, मिळेल ते खायची. नाव विचारलं तर हसायची. ताप आला, सरकारी दवाखान्यात नेलं. त्यांना पोचायला पाच आठवडे उशीर झाला होता.

पाच आठवडे. मी कार्ड बघून उत्तर लिहिलं त्याला तेव्हा चार महिने होऊन गेले होते. हा हिशेब मला कुणी करून दाखवला नाही. तो माझा मीच करते.

परत आल्यावर यल्लोजीराव मला सांगायला केंद्रात आले. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमच्याकडं कागद होता. माझ्याकडं नुसतं पोलकं. कोण ऐकणार होतं?" मग जरा वेळानं, "राखणदार म्हणाला, झोपेत बोलायची. कुठली भाषा ते त्यांना कळायचं न्हाई. मी विचारलं, आवाज कसा होता, जरा करून दाखवा. त्याला जमलं न्हाई."

मेव्हण्यांनी गल्लीतल्या चार लोकांसमोर चूक कबूल केली. बायका पुन्हा कापड टाकायला लागल्या. मला वाटलं, आता आपल्या हातून एक तरी गोष्ट नीट व्हावी. मी दिल्लीच्या लायब्ररीला फोन केला, मग पत्र, मग पुन्हा फोन. ती बाई मरण पावली आहे, घरच्यांना त्रास होतो, तो शॉट काढून टाका. तिथल्या बाई भल्या होत्या. आठवड्याभरात त्यांनी काढला. त्यानंतर रेल्वेच्या बातमीत दुसरीच माणसं दिसायला लागली. मी निवांत जेवायला लागले.

दोन-तीन महिन्यांनी यल्लोजीराव पुन्हा आले. आता फीत गळ्यात होती, कपडे इस्त्रीचे. अवघडून उभे राहिले.

"अक्का, एक विचारू? हल्ली ती येत न्हाई बातम्यांत."

मी सांगितलं. मीच बंद करवलं. तुम्हाला त्रास नको म्हणून.

"त्रास," ते म्हणाले. त्यांनी दोन-तीनदा मान हलवली. "रोज दुकान बंद करायचं थांबवतो बातम्या संपेपर्यंत. वाटायचं, आज येईल. कधी यायची, कधी न्हाई. आली की बरं वाटायचं. नसेल आली तर उद्या येईल." मग माझ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाले, "न्हाई, तुम्ही बरोबरच केलंत. सरी."

दुसऱ्यांदा. पहिल्यांदा चुकले त्यांचं न ऐकता, आणि दुसऱ्यांदा त्यांना न विचारता.

बाहेरच्या माणसाला लायब्ररीत आणायचा नियम नव्हता. मी त्यांना वर नेलं. माझ्या खुर्चीत बसवलं, कॅसेट लावली, आवाज मोठा केला. चहावाला. लोखंडाचा आवाज. ती बसलेली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पडद्यापासून हातभर अंतरावर. भोंग्यातून घोषणा सुरू झाली, तसं त्यांनी माझ्याकडे न वळता हात वर केला.

"इथंच. फुडं नको."

मी चित्र थांबवलं.

त्या जुन्या प्लेअरमध्ये बटण दाबून चित्र थांबवून धरलं की आतलं टेप वाचणारं हेड टेपच्या एकाच जागेवर घासत राहतं. फार वेळ धरलं तर तेवढीच जागा झिजते, पांढरे ठिपके पडतात, आणि ते चित्र कायमचं जातं. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचे की एका मिनिटाच्या वर थांबवायचं नाही.

यल्लोजीराव बायकोकडे बघत होते. ती आमच्याकडे बघत होती. मिनिट होऊन गेलं, माझं बोट अजून बटणावर होतं. मी ते उचललं नाही.